थिसिस मान्य झाला. आता पेपर कसा लिहायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सरकारी मेडिकल कॉलेजातून एमडी मेडिसिन केलेल्या एका डॉक्टरांचा थिसिस घोणस चावलेल्या रुग्णांच्या किडनीला होणाऱ्या इजेवर आहे. विद्यापीठाने तो मान्य केला. आता त्याचा पेपर करायचा आहे. सुरुवात कुठून करू? कोणत्या जर्नलला पाठवू? ‘सात दिवसांत छापून देतो’ असा मेल आलाय, त्याचे काय करू? विभागातल्या सगळ्यांची नावे घालायला सांगितली आहेत, ती घालू का? आणि इंग्रजी एआयकडून सुधारून घेतले तर चालते का?

मी मेडिसिन शिकवतो आणि एका जर्नलच्या संपादक मंडळावर काम करतो. दोन्ही बाजूंनी हे रोज बघतो, म्हणून उत्तर लांबेल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: थिसिस कापून पेपर होत नाही. थिसिस परीक्षकासाठी असतो. मुलाने वाचन केले, मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा मोठा तक्ता) भरला, कष्ट घेतले हे त्यातून दिसायला हवे असते. त्यामुळे वय, लिंग, व्यवसाय, कोणता पाय, कोणता महिना अशा प्रत्येक गोष्टीचा एक तक्ता आणि त्याखाली एक रंगीत, गोल आलेख (पाय चार्ट) येतो. पेपर वाचणाऱ्याला तुमच्या कष्टांशी काही देणेघेणे नसते. त्याला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते आणि त्या उत्तरावर भरवसा का ठेवायचा, हे कळायला हवे असते.

याचा नमुना आपल्याच मातीत आहे. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडमध्ये राहून लाल विंचवाच्या दंशावर काम केले आणि १९८०च्या दशकात ते लॅन्सेटमध्ये छापून आले. २०११ साली बीएमजेमध्ये आलेली त्यांची रँडमाइज्ड ट्रायल काढून वाचाच. रुग्ण ७०. एका गटाला नुसते प्राझोसिन हे औषध, दुसऱ्याला प्राझोसिन आणि अँटिव्हेनम, म्हणजे विंचवाच्या विषावरचा उतारा. मुख्य प्रश्न एकच, की दहा तासांत लक्षणे पूर्णपणे गेली का. कोणता रुग्ण घेतला, काय दिले, कधी मोजले, हे तीन ओळींत सांगता येते. तुमचा अभ्यास तुम्हाला तीन ओळींत सांगता येत नसेल, तर अजून लिहायला बसू नका.

तुमच्या मास्टर चार्टमध्ये असे तीन-चार प्रश्न दडलेले असतील. ‘घोणसदंशाच्या रुग्णांचा क्लिनिकल प्रोफाइल’ हा त्यातला प्रश्न नव्हे, ते नुसते शीर्षक आहे आणि संपादकाच्या टेबलावर अशी शीर्षके ढिगाने येतात. पण ‘चावल्यापासून एएसव्हीची (सापाच्या विषावरच्या उताऱ्याची) पहिली मात्रा मिळेपर्यंत गेलेला वेळ आणि किडनीची इजा यांचा संबंध आहे का’ हा प्रश्न आहे. ‘रुग्ण दाखल होतानाच, हाताशी असलेल्या साध्या तपासण्यांवरून, डायलिसिस कोणाला लागेल हे ओळखता येते का’ हाही आहे. एक निवडा. बाकीचे तक्ते कितीही सुबक असले तरी बाजूला ठेवा. याचा अर्थ एका थिसिसचे चार पेपर पाडा असाही घेऊ नका. तेच रुग्ण घेऊन तुकडे तुकडे छापण्याला संपादक मंडळी काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

लिहिण्याआधी कागदपत्रे एका जागी आणा. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचे पत्र, त्यावरचा क्रमांक आणि तारीख. संमतीपत्राचा नमुना, मराठीतला असेल तर तोच. मंजुरीची तारीख पहिला रुग्ण घेतल्याच्या आधीची आहे ना, हे स्वतः तपासा. संपादक तपासतोच. आणि अभ्यासात तुम्ही रुग्णांना दोन वेगवेगळे उपचार वाटून दिले असतील, उदाहरणार्थ एएसव्हीच्या दोन मात्रांची तुलना, तर ती ट्रायल झाली आणि सीटीआरआयमध्ये, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, नोंदणी लागते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, मागाहून होत नाही. तुमचा अभ्यास नुसत्या निरीक्षणाचा दिसतो, म्हणजे या अडचणीतून तुम्ही सुटलात.

आता जर्नल. बहुतेक जण पेपर लिहून झाल्यावर जर्नल शोधतात. मी उलटे सांगेन. शब्दमर्यादा, तक्त्यांची संख्या, ॲब्स्ट्रॅक्टची रचना, हे सगळे जर्नलवर ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाचक कोण, हे जर्नलवर ठरते. किडनीच्या जर्नलच्या वाचकाला एकेआय (किडनीला अचानक झालेली इजा) म्हणजे काय ते समजावावे लागत नाही, पण घोणस आणि फुरसे यांतला फरक समजावावा लागतो. ट्रॉपिकल मेडिसिनच्या जर्नलला नेमके उलट. आपल्याकडे केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून १९५५ पासून निघणारे जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन आहे, १९१३ पासून चालू असलेले इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च आहे, इंडियन जर्नल ऑफ नेफ्रॉलॉजी आहे. तुमच्या विषयावरचे गेल्या पाच वर्षांतले दहा पेपर पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत) काढा आणि ते कुठे छापले गेले ते बघा. यादी आपोआप तयार होते. मग त्यातल्या एका जर्नलचे लेखकांसाठीच्या सूचनांचे पान छापून भिंतीला लावा.

सात दिवसांत छापून देणारा मेल सरळ डिलीट करा. ज्या जर्नलमध्ये पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी, होते तिथे दोन रिव्ह्यूअर मिळवायलाच काही आठवडे जातात. हे लोक ‘इंडेक्स कोपर्निकस’, ‘गूगल स्कॉलर इंडेक्स्ड’, ‘ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर’ असे शब्द भपक्याने लावतात. गूगल स्कॉलरमध्ये जवळपास काहीही दिसते, आणि ज्याला खरोखर इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा) म्हणतात तो क्लॅरिव्हेट या कंपनीच्या यादीतला असतो. एक साधी चाचणी सांगतो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचे नाव टाका आणि ते सध्या मेडलाइनमध्ये, म्हणजे त्यांच्या निवडक जर्नलांच्या सूचीत, घेतले जाते का ते बघा. पबमेडमध्ये एखादा लेख दिसतो म्हणजे ते जर्नल मेडलाइनमध्ये आहे असे नाही, कारण पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या फुकट साठ्याच्या वाटेनेही लेख पबमेडमध्ये येतात. मेडलाइनमध्ये नसलेले प्रत्येक जर्नल फसवे असते असे अजिबात नाही, पण मग संपादक मंडळातली माणसे खरी आहेत का, जुने अंक नियमित आहेत का, फी आधीच स्पष्ट लिहिली आहे का, हे बघायची जबाबदारी तुमची. बढतीची घाई असलेली वरिष्ठ मंडळीही या सापळ्यात अडकतात. एकदा पेपर तिकडे गेला की तो परत घ्यायलाही पैसे मागतात, आणि तोवर दुसरीकडे पाठवता येत नाही. एका वेळी एकच जर्नल, हा नियम सगळीकडे आहे.

लिहायला बसाल तेव्हा प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. आधी तक्ते, मग मेथड्स, मग रिझल्ट्स. डिस्कशन त्यानंतर, प्रस्तावना त्याही नंतर, आणि ॲब्स्ट्रॅक्ट अगदी शेवटी. कारण सोपे आहे: तक्ते बदलत नाहीत, बाकी सगळे बदलते.

पेपर जगतो किंवा मरतो तो मेथड्समध्ये. इंग्रजी कच्चे असलेला पेपर सुधारता येतो, मेथड कच्ची असेल तर काही करता येत नाही. तुमच्याच विषयावर बोलू. ‘घोणस चावलेले रुग्ण घेतले’ असे तुम्ही लिहाल. साप घोणसच होता हे कोणी ठरवले? नातेवाइकांनी मारून पिशवीत आणला होता, मोबाइलवर फोटो होता, की रक्त गोठत नव्हते आणि पाय सुजला होता म्हणून तुम्ही तसे धरले? तिन्ही चालतात, पण किती रुग्णांत कोणता आधार होता हे आकड्यांत यायला हवे, कारण रक्त न गोठणे फुरशाच्या दंशातही होते. २० मिनिटांची रक्त गोठण्याची तपासणी केली म्हणता, ती नवीन, कोरड्या काचेच्या नळीत केली का? साबणाने धुतलेल्या किंवा प्लास्टिकच्या नळीत त्या तपासणीचा भरवसा नाही, आणि ज्याने सर्पदंशावर काम केलेले आहे असा रिव्ह्यूअर हे विचारणारच.

चावल्यापासूनचा वेळ हा तुमचा मुख्य मुद्दा असेल, तर तो कुठून आला? रुग्णाने सांगितला की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून आलेल्या रेफरल चिठ्ठीवरून घेतला? एएसव्हीचे पहिले दहा व्हायल तिथेच दिले असतील, तर तुमच्या वॉर्डात दिलेल्या मात्रेपासून वेळ मोजणे चूक आहे. काही जण आधी मांत्रिकाकडे गेलेले असतात आणि ते सांगत नाहीत. ही सगळी गुंतागुंत लपवायची नसते. कशी सोडवली ते लिहायचे असते.

आणि किडनीची इजा म्हणजे नेमके काय? ‘केडिगोच्या २०१२च्या व्याख्येप्रमाणे’ असे लिहून सगळे पुढे जातात. केडिगो ही किडनीच्या आजारांवर मार्गदर्शक सूचना काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था. त्या व्याख्येत क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढणारा घटक) ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढणे, किंवा सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट होणे, किंवा सहा तास लघवी दर किलो वजनामागे तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी होणे, यातले काहीही एक लागते. आता सांगा, शेतात काम करणाऱ्या माणसाचे चावण्याआधीचे क्रिएटिनिन तुम्हाला कुठून मिळणार? त्याने आयुष्यात कधी ती तपासणी केलेली नसते. मग कोणी दाखल असतानाची सर्वांत कमी पातळी मूळ धरतो, कोणी तीन महिन्यांनी फॉलोअपला आलेली, कोणी सूत्राने मागे जाऊन काढतो. प्रत्येक पद्धतीने एकेआयचे आकडे वेगळे येतात. तुम्ही कोणती घेतली हे एका वाक्यात लिहा, आणि जमले तर दुसऱ्या पद्धतीने मोजले असता निष्कर्ष बदलतो का तेही सांगा. या एका वाक्याने रिव्ह्यूअरचा तुमच्याकडे बघायचा दृष्टिकोन बदलतो.

कोण अभ्यासात आले नाही तेही सांगा. दुसरे क्रिएटिनिन होण्याआधी दगावलेले, डामा घेऊन (डॉक्टरांचा सल्ला न मानता) गेलेले, आधीपासून किडनीचा आजार असलेले. किती जण आले, किती गळले, का गळले. याची एक साधी आकृती काढा. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब नावाची २२ मुद्द्यांची यादी २००७ पासून वापरात आहे. बहुतेक जर्नले ती भरून मागतात. ती सबमिशनच्या रात्री भरू नका. मेथड्स लिहिण्याआधी वाचली तर मेथड्स निम्म्याने सोपे होतात. ट्रायल असेल तर कॉन्सॉर्ट, केस रिपोर्टसाठी केअर, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी प्रिझ्मा. सगळ्या याद्या इक्वेटर नेटवर्कच्या साइटवर फुकट आहेत.

सँपल साइझबद्दल, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे याबद्दल, एकच सांगतो. थिसिसच्या सिनॉप्सिसमध्ये एक सूत्र लिहिलेले असते आणि उत्तर नेमके तेवढेच येते जेवढे रुग्ण दोन वर्षांत मिळणार असतात. पेपरमध्ये हे सोंग नको. ‘त्या काळात दाखल झालेले आणि निकषात बसणारे सगळे सलग रुग्ण घेतले’ हे सरळ वाक्य बनावट गणितापेक्षा कितीतरी चांगले.

आता आकडे. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर पडद्यावर पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.००० दाखवते आणि ती तशीच पेपरमध्ये उतरते. शक्यता शून्य कधीच नसते, तिथे ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहायचे असते. ६० रुग्णांच्या अभ्यासात ३३.३३ टक्के असे दोन दशांश लिहिणे म्हणजे नसलेली अचूकता दाखवणे. क्रिएटिनिन, दाखल असल्याचे दिवस, एएसव्हीचे व्हायल हे आकडे एका बाजूला कलंडलेले असतात. त्यांची सरासरी आणि एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) देऊन उपयोग नाही. क्रिएटिनिन ३.१, अधिक-उणे ३.४ असे लिहिलेत, तर गणिताने काही रुग्णांचे क्रिएटिनिन उणे निघते. तिथे मीडियन (मधला आकडा) आणि इंटरक्वार्टाइल रेंज (मधले निम्मे रुग्ण ज्यात येतात तो पल्ला) द्या.

एक वाक्य उलगडून दाखवतो. थिसिसमध्ये साधारण असे असते: ‘उशिरा एएसव्ही मिळालेल्या गटात एकेआयचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त आढळले, पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी.’ वाचकाला यातून काय कळले? काहीच नाही. आता समजायला काही काल्पनिक आकडे घेऊ. सहा तासांनंतर एएसव्ही मिळालेल्या ६० पैकी ३६ जणांना, म्हणजे ६० टक्के रुग्णांना, एकेआय झाला. त्याआधी मिळालेल्या ८० पैकी २४ जणांना, म्हणजे ३० टक्के. मग वाक्य असे होईल: ‘उशिरा मिळालेल्यांत ६० पैकी ३६, वेळेत मिळालेल्यांत ८० पैकी २४ जणांना एकेआय झाला. फरक ३० पर्सेंटेज पॉइंट, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १४ ते ४६.’ आता फरक किती मोठा आहे ते दिसते. खरा फरक साधारण १४ ते ४६ यांच्या दरम्यान असावा हेही दिसते. ‘लक्षणीय’ हा शब्द लागलाच नाही.

पण मग लगेच पुढचा प्रश्न येतो. उशिरा आलेले रुग्ण लांबून आले, कदाचित जास्त विष भिनलेले म्हणूनच रेफर झाले. किडनी उशिरामुळे बिघडली की जास्त विषामुळे? इथे मल्टिव्हेरिएबल रिग्रेशनचा (अनेक घटकांचा परिणाम एकाच वेळी तपासणाऱ्या गणिताचा) आधार घेतात, आणि संख्याशास्त्रज्ञाला पंधरा व्हेरिएबल, म्हणजे घटक, देऊन ‘सगळे टाका’ असे सांगतात. ढोबळ नियम असा की एका व्हेरिएबलमागे निदान दहा घटना हव्यात. एकेआयचे ६० रुग्ण असतील तर सहाच्या आसपास व्हेरिएबल, त्यापलीकडे नको. ते सहा कोणते, हे सॉफ्टवेअरवर सोडू नका. वैद्यकीय विचाराने आधी ठरवा. आणि कम्युनिटी मेडिसिन विभागातल्या संख्याशास्त्रज्ञांकडे पेपर लिहून झाल्यावर जाऊ नका. अभ्यास ठरवतानाच जायला हवे होते हे तुम्हाला आता सांगून उपयोग नाही, पण निदान तक्ते ठरवताना तरी जा.

प्रस्तावना छोटी ठेवा, तीन परिच्छेद पुरेत. सर्पदंशावरच्या बहुतेक प्रस्तावना एकाच वाक्याने सुरू होतात, की भारतात दर वर्षी सुमारे ५८ हजार लोक साप चावून मरतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. माहिती खरी आहे, हवी तर एका ओळीत द्या. पण दुसऱ्या परिच्छेदात तरी सांगा की किडनीच्या बाबतीत नेमके काय कळलेले नाही, आणि तिसऱ्यात तुम्ही काय शोधले. सर्पांचे वर्गीकरण, विषाचे घटक, एएसव्हीचा इतिहास हे थिसिसमध्येच राहू द्या.

डिस्कशनमध्ये मोठा घोळ होतो. ‘अमुक यांच्या अभ्यासात ४० टक्के, तमुक यांच्या अभ्यासात ३५ टक्के, आमच्या अभ्यासात ४३ टक्के, म्हणून आमचा अभ्यास त्यांच्याशी सुसंगत आहे’ अशी रांग लावून पाने भरतात. वेगळे का आले, ते बोला. तुमचे कॉलेज जिल्ह्याचे रेफरल केंद्र आहे, म्हणून जास्त गंभीर रुग्ण येतात, म्हणून प्रमाण जास्त. यातच तुमच्या अभ्यासाची मर्यादाही आली. मर्यादांचा परिच्छेद हातचे राखून लिहू नका. रिव्ह्यूअरला ती खोट सापडणारच आहे, तुम्ही आधी सांगितलेली बरी. आणि शेवटी ‘आणखी मोठ्या अभ्यासांची गरज आहे’ हे वाक्य काढून टाका. ते नेहमीच खरे असते.

इंग्रजीची भीती मला दर वर्षी मुलांच्या तोंडून ऐकायला मिळते, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांकडून. ती अनाठायी आहे. छोटी वाक्ये, एका वाक्यात एक गोष्ट, औषधांची जेनेरिक नावे, बस. लक्ष द्यायचे ते वेगळ्याच ठिकाणी. ‘तालुका’, ‘पीएचसी’, ‘१०८ची गाडी’ हे परदेशी वाचकाला कळत नाही, तिथे चार शब्दांत सांगा. दहा व्हायल म्हणजे किती, तेही सांगा, कारण व्हायलचा आकार सगळीकडे सारखा नसतो. आणि लाखाचा स्वल्पविराम विसरू नका: आपण १,२०,००० लिहितो, आंतरराष्ट्रीय जर्नलला १२०,००० लागते. तक्त्यात दोन्ही मिसळले की संपादकाला वाटते आकडेच चुकले.

एआयकडून भाषा सुधारून घ्यायला बहुतेक जर्नलांची हरकत नाही, पण ते सांगावे लागते. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की एआय लेखक होऊ शकत नाही, आणि त्याचा वापर केला असेल तर कसा केला ते लिहावे. दोन गोष्टी मात्र करू नका. मास्टर चार्ट किंवा रुग्णाची कुठलीही ओळख पटणारी माहिती त्यात टाकू नका. आणि संदर्भ त्याच्याकडून मागू नका. लेखक, जर्नल, वर्ष, पाने सगळे अगदी खरे वाटणारे, पण अस्तित्वातच नसलेले संदर्भ मी सबमिशनमध्ये पाहिले आहेत. असा एक जरी सापडला तर बाकीचा पेपर वाचायची इच्छा उरत नाही. संदर्भ पबमेडवर स्वतः शोधा, निदान ॲब्स्ट्रॅक्ट नव्हे तर पूर्ण पेपर उघडा, आणि झोटेरोसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. जर्नल बदलले तर क्रमांक हाताने बदलत बसावे लागत नाही.

थिसिस आधी जमा झाला म्हणून पेपर ‘आधीच छापलेला’ ठरेल का, अशी भीती अनेकांना असते. बहुतेक जर्नले थिसिसला आधीचे प्रकाशन मानत नाहीत. कव्हर लेटरमध्ये ते सांगून टाका. पण थिसिसचे परिच्छेद जसेच्या तसे उचलले, आणि थिसिसमधला आधीच्या संशोधनाचा आढावा मुळातच आधीच्या बॅचच्या थिसिसमधून आलेला असला, तर मजकुराची नक्कल शोधणारे सॉफ्टवेअर तो पकडते. हे कसे होते ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

आता नावांचे. हा प्रश्न तुम्ही बराच नंतर विचारलात, पण मला वाटते तुमच्या मनात तोच पहिला असावा. आयसीएमजेईच्या चार अटी आहेत आणि चारही एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात: अभ्यासाची आखणी किंवा माहिती गोळा करणे किंवा तिचा अर्थ लावणे यात मोठा वाटा, लिहिण्यात किंवा गंभीर दुरुस्तीत भाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. चौथी अट २०१३ मध्ये आली, आणि मान्यवरांना तीच समजावून सांगायची असते. पेपरमध्ये गडबड निघाली तर नाव असलेला प्रत्येक जण उत्तराला बांधील असतो. विभागप्रमुखांनी मसुदा वाचून खरोखर दुरुस्त्या केल्या, तर त्यांचे नाव हक्काचे आहे. नुसती सही केली असेल तर आभारात. डायलिसिसच्या तंत्रज्ञांनी नोंदी नीट ठेवल्या म्हणून तुमचा अभ्यास झाला असेल, तर त्यांचेही आभार माना. ते सहसा कोणी मानत नाही.

हे सगळे रेसिडेंटने सरांना तोंडावर सांगायचे म्हणजे अवघड, मान्य आहे. म्हणून भांडू नका, कागद पुढे करा. बरीच जर्नले प्रत्येक लेखकाचे नेमके काम लिहून आणि सही करून मागतात. तो फॉर्म आणि मसुदा सगळ्यांना एकत्र मेल करा, ‘आपण आपला भाग भरून आणि मसुद्यात दुरुस्त्या सुचवून पाठवावा ही विनंती’ असे नम्रपणे लिहा आणि एक तारीख द्या. ज्यांना काही लिहायचे नसते त्यांच्यातले निम्मे स्वतःहून बाजूला होतात. क्रम मात्र तक्ते बनवण्याआधीच तोंडी ठरवून घ्या. थिसिस तुमचा आहे, पहिले नाव तुमचे, हे बहुतेक गाइड मान्य करतात. करस्पॉन्डिंग लेखक (पेपरबद्दलचा पत्रव्यवहार बघणारा) तुम्ही असाल तर कॉलेजचा ईमेल देऊ नका. सीनियर रेसिडेन्सी दुसरीकडे लागली की तो बंद होतो आणि दोन वर्षांनी कोणी डेटा मागितला तर सापडत नाही. ओआरसीआयडी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढून ठेवा, नावात बदल झाला तरी तो टिकतो. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या मुलींना तर तो हवाच.

सबमिशनच्या दिवशी होणाऱ्या चुका बहुतेक एकाच जातीच्या असतात. रिव्ह्यू निनावी असेल तर नावे वेगळ्या टायटल पेजवर असतात, पण मुख्य फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तुमचे नाव राहते, आणि मेथड्समध्ये ‘आमच्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीने’ म्हणत कॉलेजचे नाव येते. दोन्ही काढा. चावलेल्या पायाचा किंवा चेहऱ्याचा फोटो घालणार असाल तर त्याची वेगळी लेखी संमती लागते. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे ओळख लपली असे आता कोणी मानत नाही. कव्हर लेटर अर्ध्या पानाचे: प्रश्न काय, उत्तर काय, तुमच्याच वाचकांना ते का हवे. ‘आपल्या प्रतिष्ठित जर्नलमध्ये’ ही ओळ संपादक वाचत नाही.

मग वाट बघा. चांगल्या जर्नलमधून पहिल्याच आठवड्यात ‘आमच्या वाचकांसाठी योग्य नाही’ असे उत्तर येणे नेहमीचे आहे. ते तुमच्या कामाचे मूल्यमापन नसते. रिव्ह्यू होऊन नकार आला, तर आठवडाभर पेपर बंद ठेवा आणि मग रिव्ह्यूअरचे म्हणणे पेपरमध्ये घेऊन दुसरीकडे पाठवा. तसाच्या तसा पुढे ढकलू नका. सर्पदंशावर काम करणारी माणसे मोजकीच आहेत, आणि पुढच्या जर्नलनेही त्याच रिव्ह्यूअरला पाठवला तर पंचाईत होते.

दुरुस्त्या मागितल्या तर आनंद माना. उत्तर लिहिताना रिव्ह्यूअरचे प्रत्येक वाक्य जसेच्या तसे उतरवा, त्याखाली तुमचे उत्तर, त्याखाली पेपरमध्ये कोणत्या पानावर काय बदलले ते. जिथे पटत नाही तिथे पटत नाही असे सौम्यपणे पण कारणासह लिहा. ‘दुरुस्ती केली आहे’ एवढेच लिहून कुठे केली ते न सांगणे हा संपादकाला चिडवायचा हमखास मार्ग. रिव्ह्यूअर बेसलाइन क्रिएटिनिनबद्दल विचारेल, याची खात्री बाळगा, आणि उत्तर आत्ताच तयार ठेवा.

स्वीकारल्यावर प्रूफ (छापण्याआधी तपासायची प्रत) येते, आणि ते बहुतेक ४८ तासांत परत मागतात. तेव्हा भाषा सुधारत बसू नका. तक्त्यांतले प्रत्येक दशांश चिन्ह मास्टर चार्टशी जुळवा, कारण टाइपसेटिंगमध्ये ओळी सरकतात. प्रत्येक लेखकाचे नाव, इनिशियल आणि आडनाव जागेवर आहे का बघा. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे असते, ते आडनाव समजून पबमेडमध्ये गेले की दुरुस्ती करायला महिने जातात.